रशियन बोलणाऱ्यांना ‘देअर इज’ कसं शिकवावं? मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्यांनी जरूर सांगा

टिळकवाडीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्तीनंतर घरी बसून संगणकावर शिकवण्या घेते. सध्याचे माझे विद्यार्थी सगळे रशियन बोलणारे. कझानची एक हिशेबनीस बाई, नोवोसिबिर्स्कचा एक संगणकवाला, आणि कझाकस्तानातल्या अल्माटीचं एक नवरा-बायकोचं जोडपं. (शेजारीण विचारते, रशियाची माणसं बेळगावच्या बाईकडं कशाला शिकतील? फी कमी आणि आवाज मोठा, दुसरं काय!) माणसं कष्टाळू आहेत. गृहपाठ चुकवत नाहीत, हे आपल्या पोरांबद्दल मला कधी म्हणता आलं नाही.

पण ‘देअर इज, देअर आर’ आलं की गाडी अडते. ‘आपल्या स्वयंपाकघराचं वर्णन करा’ म्हणून सांगितलं तर कझानच्या बाईनं लिहिलं ते जसंच्या तसं देते:

इन किचन बिग विंडो. ऑन विंडो स्टँड फ्लॉवर्स. ऑन वॉल हँग क्लॉक. मायक्रोवेव्ह नो.

शब्द सगळे येतात तिला. क्रियापदंही येतात. पण ‘देअर’ म्हणून कुठं नाही. मी फळ्यावर लिहून दाखवलं: आधी देअर, मग इज किंवा आर, मग वस्तू, शेवटी जागा. त्या तासाला चौघंही बरोबर बोलले. पुढच्या तासाला पुन्हा ‘इन माय सिटी बिग रिव्हर’. आणि मी विचारलं, ‘इज देअर अ शॉप निअर युवर हाउस?’ तर संगणकवाला म्हणतो, ‘येस, इट इज.’

यांच्या डोक्यात रशियनमध्ये नेमकं काय चाललेलं असतं? फुलं उभी का राहतात, एकच घड्याळ असताना ‘हँग्स’ ऐवजी ‘हँग’ का? तिकडं शिकून आलेली डॉक्टर मंडळी आपल्या भागात आहेत, त्यांनी सांगावं. व्याकरणाच्या पुस्तकातलं उतरवून देऊ नका, ते माझ्याकडं आहे.

खानापूर_रोड

बाई, एवढा विचार कशाला? पाठ करून घ्या. शंभर वाक्यं लिहायला लावा, आपोआप येतं. आम्ही नाही का पाढे पाठ केले?

टिळकवाडीच्या_बाई

पाढ्यात बोलायचं नसतं ओ. तुम्ही सातचा पाढा म्हणत म्हणत बाजारात भांडलाय का कधी? बोलताना डोकं आधी आपल्या भाषेत वाक्य रचतं, मग दुसऱ्या भाषेत ढकलतं. ती रचना मला कळायला हवी.

निपाणीचा_डॉक्टर

बाई, नमस्कार. माझी डॉक्टरकी रशियात झाली. पुस्तकी व्याकरण माझं कच्चंच आहे, जे आहे ते हॉस्टेल आणि वॉर्डातलं.

कझानच्या बाईंनी इंग्रजी लिहिलेलंच नाही, शुद्ध रशियन लिहिलंय. ‘ना कूखन्ये बल्शोये अक्नो’ म्हणजे शब्दाला शब्द ‘स्वयंपाकघरात मोठी खिडकी’. संपलं वाक्य. वर्तमानकाळात ‘आहे’ लागतच नाही. ‘अ’ आणि ‘द’ तर त्या भाषेत मुळीच नाहीत. त्यामुळं तुमच्या बाईंना ‘इज’ हा फुकटचा खर्च वाटतो आणि ‘देअर’ तर त्याहून.

मग ओळखीची वस्तू कुठली आणि नवीन कुठली हे कसं कळतं? जागा बदलून. ‘ना स्तल्ये क्नीगा’ म्हणजे टेबलावर पुस्तक आहे. ‘क्नीगा ना स्तल्ये’ म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. जी गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक ती पुढं, नवी बातमी शेवटी. आपणही हेच करतो की. ‘गल्लीत विहीर आहे’ हे पाहुण्याला सांगायचं. ‘विहीर गल्लीत आहे’ हे, विहीर कुठं म्हणून विचारणाऱ्याला. इंग्रजीला कर्त्याची जागा सहसा हलवता येत नाही, म्हणून तिथं पहिल्यासाठी ‘देअर इज अ वेल’ आणि दुसऱ्यासाठी ‘द वेल इज’ असे दोन वेगळे साचे करावे लागले. तुमच्या विद्यार्थ्यांना फरक कळत नाही असं समजू नका. फरक पक्का कळतो, तो शब्दांच्या क्रमात दाखवायची सवय आहे एवढंच.

आता फुलं. रशियनमध्ये वस्तू नुसती ‘असत’ नाही. ती उभी असते, पडलेली असते, टांगलेली असते. कुंडीतली फुलं खिडकीत उभी, चित्र भिंतीला टांगलेलं. जेवणाच्या टेबलावर ताटली ‘स्तयीत’ म्हणजे उभी, आणि तिच्या शेजारचा काटा ‘लिझीत’ म्हणजे आडवा. ताटली उभी कशी, हे मला आजही पटलेलं नाही, पण तसंच म्हणतात. घड्याळाचं उत्तर सोपं आहे: ‘चिसी’ हा शब्द तिकडं कायम अनेकवचनी. भिंतीवर एकच असलं तरी ती ‘घड्याळं’. म्हणून बाईंनी ‘हँग’ला एस लावला नाही. चूक आहे, पण बिनडोक चूक नाही.

आणि ‘मायक्रोवेव्ह नो’ म्हणजे ‘मिक्रवल्नोफ्की न्येत’. ‘न्येत’ला नेहमीचं रूप चालत नाही, षष्ठी लागते. वॉर्डात केसपेपरवर रोज लिहायचो: ‘झालब न्येत’, रुग्णाची तक्रार नाही. ‘तेम्पेरातूरी न्येत’, ताप नाही.

टिळकवाडीच्या_बाई

डॉक्टरसाहेब, जीव खूश केलात. म्हणजे ‘आहे’ला त्यांच्याकडं शब्दच नाही? मला वाटतं संगणकवाला मधूनच ‘येस्त’ असं काहीतरी पुटपुटतो.

निपाणीचा_डॉक्टर

आहे की. ‘येस्त’. पण तो वाटेल तिथं लावायचा नाही. आहे की नाही हाच प्रश्न असेल तेव्हा लागतो. पेशंटला विचारताना ‘ऊ वास येस्त अलिर्गीया?’ म्हणजे तुम्हाला ऍलर्जी आहे का. इथं ‘येस्त’ हवा. पण मोठ्या डॉक्टरांना राउंडवर सांगताना ‘ऊ बल्नोवा तेम्पेरातूरा’, पेशंटला ताप. इथं ‘येस्त’ नाही, कारण आहे की नाही हा प्रश्नच नाही, पेशंटची अवस्था सांगायचीय. गाडी नवी घेतलेला माणूस ‘ऊ मिन्या नोवाया मशीना’ म्हणतो, ‘येस्त’ गाळून. गाडी आहे हे सांगायचं नाहीये, नवी आहे हे मिरवायचंय.

तुमच्या संगणकवाल्याचं ‘येस, इट इज’ यातूनच येतं. रशियनमध्ये ‘जवळ दुकान आहे का?’ याला उत्तर एका शब्दाचं: ‘येस्त’. इंग्रजीत उत्तर देताना त्याला ‘इज’ सापडतो, पण पुढं काय ठेवायचं ते सापडत नाही, म्हणून हाताला लागेल तो ‘इट’. त्याला सांगा, प्रश्नात ज्यानं सुरुवात तेच उत्तरात परत द्यायचं. ‘इज देअर?’ ‘येस, देअर इज.’ ‘इज इट?’ ‘येस, इट इज.’

(तोच ‘येस्त’ म्हणजे ‘खाणे’सुद्धा होतं. हॉस्टेलच्या पहिल्या थंडीत आम्हाला हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी पुरत होता.)

चिक्कोडीचे_सर

उशिरा आलो, पण डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून राहवेना. मी मराठी घरचा, कन्नड शाळेत नोकरी. बाई, तुम्हाला रशिया कशाला लागतोय, हे सगळं आपल्या बाजारात ऐकायला मिळतं. इथं सीमाप्रश्न काढू नका म्हणजे झालं, फक्त व्याकरण बोलतोय.

कन्नडमध्ये ‘इदु मने’ म्हणजे हे घर. ‘आहे’ नाही. डॉक्टरांच्या रशियनसारखंच. पण वस्तू आहे का नाही असं आलं की शब्द लागतो. आपल्या भागात दुकानात विचारतो, ‘हाल ऐतेन्री?’ उत्तर ‘ऐत्री’ नाहीतर ‘इल्लरी’. एका शब्दात काम. ‘येस्त’ आणि ‘न्येत’ हेच झालं ना?

पुढची गंमत याहून मोठी. कन्नडमध्ये ‘नाही’ दोन. वस्तू नसली तर ‘इल्ल’. वस्तू ही नव्हे, दुसरी, असं म्हणायचं तर ‘अल्ल’. ‘हाल इल्ल’ म्हणजे दूध नाही. ‘इदु हाल अल्ल’ म्हणजे हे दूध नव्हे. मराठीतही ‘नाही’ आणि ‘नव्हे’ वेगळे आहेत. शहरी बोलण्यात सगळ्याला ‘नाही’ चालायला लागलंय, पण आपल्याकडं ‘न्हवं’ अजून ऐकू येतं. डॉक्टर, रशियनमध्ये असे दोन आहेत का?

निपाणीचा_डॉक्टर

सर, अगदी आहेत. वस्तू नसली तर ‘न्येत’, ही ती नव्हे असं असलं तर ‘न्ये’. ‘ना स्तल्ये न्येत क्नीगी’, टेबलावर पुस्तक नाही. ‘एता न्ये क्नीगा’, हे पुस्तक नव्हे. इतकी वर्षं दोन्ही बोललो, पण चिक्कोडीच्या बाजाराशी जोडून कधी पाहिलं नव्हतं.

आणि बघा, इंग्रजीतही हीच फाळणी निघते. ‘देअर इज नो मिल्क.’ ‘धिस इज नॉट मिल्क.’ बाई, यांना एवढंच सांगा: मनात ‘न्येत’ आला तर ‘देअर इज नो’, मनात ‘न्ये’ आला तर ‘इज नॉट’. ‘देअर इजंट एनी’ नंतर शिकवा.

शहापूर_वाटाड्या

मी पाहुण्यांना गाव दाखवतो, माझी एक शंका. पुस्तकात लिहिलंय की ‘देअर इज’नंतर ‘द’ येत नाही, म्हणजे ठाऊक असलेली वस्तू येत नाही. पण इंग्रज पाहुणेच बोलतात ना, ‘वेल, देअर इज द फोर्ट...’

चिक्कोडीचे_सर

ते यादी देताना. ‘बेळगावात बघायला काय काय आहे?’ असं कोणी विचारलं तर ‘देअर इज द फोर्ट, देअर इज द काँग्रेस वेल’ चालतं. तिथं विहिरीची ओळख करून देत नाही, आठवून आठवून मोजतोय. एरवी १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली ती विहीर कुठं आहे, असं विचारलं तर ‘द काँग्रेस वेल इज इन टिळकवाडी’ एवढंच. बाईंनी सुरुवातीला या फाट्यावर जाऊच नये. विद्यार्थ्यांना ‘द’ आधीच सापडत नाही, त्यात अपवाद दाखवलात तर सगळीकडं घालतील.

टिळकवाडीच्या_बाई

सर, डॉक्टरसाहेब, काल तुमचं सगळं घेऊन तास घेतला. लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

पहिलं काम, ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ हे डोक्यातून काढणं. आपल्याही शाळांत हेच झालंय. ‘देअर इज अ बुक’चं ‘तेथे एक पुस्तक आहे’ असं भाषांतर पिढ्यान् पिढ्या घोकून घेतलंय, मीही त्यातलीच. रशियन माणूस तसाच ‘ताम’ म्हणजे ‘तिथं’ समजतो आणि मग म्हणतो, तिथं कुठं? जागा तर मी पुढं सांगतोच आहे! बरोबर आहे त्याचं. म्हणून मी खानापूरच्या बशीची गोष्ट सांगितली. बस स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल म्हणजे माणूस नव्हे, पण त्या सीटवर दुसरं कुणी बसत नाही. इंग्रजी वाक्यात क्रियापदापुढची सीट रिकामी ठेवायची सोय नाही. खरा प्रवासी मागं उभा असला तरी पुढं रुमाल हवाच. ‘देअर’ तो रुमाल. आणि तिकीट कुणाच्या नावानं फाडायचं? रुमालाच्या नाही, माणसाच्या. म्हणून फुलं अनेक तर ‘देअर आर फ्लॉवर्स’, घड्याळ एक तर ‘देअर इज अ क्लॉक’. अल्माटीच्या नवऱ्याला हे इतकं आवडलं की त्यानं बायकोला समजावून सांगितलं आणि मला काही काम उरलं नाही.

उच्चारही करून घेतला. रुमालातला ‘देअर’ हलका, जवळजवळ ‘द’च. जागा सांगणारा ‘देअर’ ठासून. ‘देअर इज अ शॉप देअर’ यात पहिला गिळायचा, दुसऱ्यावर जोर द्यायचा. चौघांना हे एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. वाक्यात दोन ‘देअर’ कशाला, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

मग जोड्या. त्यांना मी रशियन वाक्य बोलू दिलं, मोठ्यानं. जागा पुढं आणि वस्तू मागं आली की रुमाल टाका. वस्तू पुढं आली की ‘द’ लावा आणि सरळ चला. डॉक्टरांची ही युक्ती मला सगळ्यात जास्त पटली, कारण यात त्यांची भाषा विसरायला सांगावं लागत नाही. तिचाच आधार घ्यायचा. आतापर्यंत मी ‘रशियनमध्ये विचार करू नका’ म्हणून ओरडत होते, त्यानं काय होणार होतं?

हवामानाचं मात्र घोडं अडलं. कझानच्या बाई लिहितात, ‘टुडे देअर इज कोल्ड.’

निपाणीचा_डॉक्टर

रशियनमध्ये ‘खोलदना’ एवढा एकच शब्द म्हणजे ‘थंडी वाजतेय, बाहेर गार आहे’ सगळं. त्याला कर्ताही नाही, क्रियापदही नाही. आता तुम्ही रुमाल शिकवलात, म्हणून त्या सगळीकडं रुमाल टाकायला लागल्या. गुण येतोय असं समजा. साधी खूण द्या: पुढं विशेषण तर ‘इट’, पुढं नाम तर ‘देअर’. ‘इट इज फॉगी.’ ‘देअर इज फॉग.’ एवढ्यानं बहुतेक भागतं.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. मघाशी ‘न्येत म्हणजे देअर इज नो’ असं मी म्हटलं, ते वस्तूंना ठीक आहे. माणसांना लावलं की घोटाळा. ऑफिसात विचारलं, साहेब आहेत का? रशियन म्हणतो, ‘दिरेक्तरा न्येत.’ आपणही म्हणतो, ‘साहेब नाहीत.’ तुमचा संगणकवाला याचं ‘देअर इज नो डायरेक्टर’ करणार. ऐकणाऱ्याला वाटेल, कंपनीला साहेबच नाही. तिथं ‘द डायरेक्टर इज नॉट हिअर’ हवं.

चिक्कोडीचे_सर

कन्नडमध्येही तेच, ‘साहेबरु इल्ल’. तिन्ही भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी. बाई, यावर एक वेगळा तास घ्याच. आणि जमलं तर ‘असतं’चाही. आपलं ‘आहे’ आणि ‘असतं’ वेगळं, कन्नडमध्ये ‘ऐति’ आणि ‘इरतैति’ वेगळं. इंग्रजीत दोन्हीला ‘देअर इज’. रशियनचं काय?

निपाणीचा_डॉक्टर

रशियनमध्ये ‘असतं’ला ‘बिवायेत’ आहे, म्हणजे ते आपल्याच पंगतीत. ‘इथं धुकं असतं’ हे ते एका क्रियापदात सांगतात. इंग्रजीत ‘ऑफन’, ‘युज्वली’ असं काहीतरी जोडून द्यायला सांगा, नाहीतर आज धुकं आहे असं वाटतं.

टिळकवाडीच्या_बाई

‘नाही’ची वाक्यं हवीत मला, रोजच्या बोलण्यातली. चौघांना मराठी वाक्याचा अर्थ सांगून इंग्रजी करायला लावीन. कुणीतरी पाठवा.

खानापूर_रोड

हे काम माझं. पाढ्यावरून बोललात, तरी राग नाही. घ्या: करंट नाही. नळाला पाणी नाही. साडेपाचनंतर गाडी नाही. ड्रायव्हर आहे, कंडक्टर नाही. तलाठी नाही. दुकानात सुट्टे नाहीत. हा रस्ता नंदगडचा न्हवं.

टिळकवाडीच्या_बाई

सोनं दिलंत. लावून बघते. करंट, पाणी, गाडी, सुट्टे यांना डोळे झाकून ‘देअर इज नो’. सुट्ट्यांना ‘आर’ लावायचा मोह होईल, पण इंग्रजीतली ‘चेंज’ एकवचनी, हे आधी सांगावं लागेल. नंदगडचा रस्ता ‘न्ये’त गेला: ‘धिस इज नॉट द रोड टू नंदगड.’ कंडक्टरचं बसमधल्या माणसाच्या मनात काय आहे त्यावर. कंडक्टर नेमलाय पण चहाला गेलाय, तर ‘द कंडक्टर इज नॉट हिअर’. गाडीला कंडक्टरच दिलेला नाही, तर ‘देअर इज नो कंडक्टर’. तलाठ्याचंही तसंच. तुमच्या गावात कुठलं?

खानापूर_रोड

सोमवारी पहिलं, बाकी दिवस दुसरं.